पैठणच्या व्यापाऱ्यांची वाट घाणेरीने गिळली

कन्नड तालुक्यातील पितळखोरा लेण्यांपासून एक जुनी पायवाट खाली चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीला उतरते. वर मराठवाडा, खाली खानदेश. औट्रम घाटातून एसटीने जाणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. दिवाळीनंतर एके दिवशी ही वाट एकट्याने उतरून पाहिली. वन खात्याची परवानगी आधी काढली होती. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले असून १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय आत जाता येत नाही.

माथ्यावरच्या शिवारात एका गुराख्याने हटकले. "साहेब, एकलेच निघाले व्हय?" हो म्हणताच त्याने हातातली काठी पुढे केली. "ही असू द्या. गवतात फुरसं असतंय. आन् वाट दिसंना झाली तर ओढ्याची कड धरा, मधूनच कडा उतरायला जाऊ नका." दिवसभरात वाट सांगणारा हा पहिला आणि शेवटचा माणूस.

खरे तर या डोंगररांगेत वाटसरूंची सोय पूर्वी होती. अंतूर किल्ल्याजवळ निजामशाही काळातला एक दगडी खांब आहे. कोणती वाट कुठल्या गावाला जाते हे त्यावर फारसीत कोरलेले आहे. पितळखोऱ्याचे दाखले तर दोन हजार वर्षांमागचे. इथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत, त्यात प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव आहे. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असे तिच्यावरच लिहिले आहे. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आडरानात एवढे खोदकाम उगीच झाले नसणार. जिथे माणसांची आणि मालाची ये-जा, तिथेच असा पैसा लागतो.

लेणी मागे पडली की वाट अंजन, सलई आणि धावड्याच्या जंगलात शिरते. काही ठिकाणी ती स्वच्छ आहे, काही ठिकाणी घाणेरीने पार गिळली आहे. पायवाट पायांनीच टिकते. अभयारण्यात गुरांचे जाणे कमी झाले, बाजारहाटाला मोटारी आल्या, मग झुडपांना मोकळे रान मिळाले. जंगल राखायचे तर चराईवर बंधन हवेच, त्याला तक्रार नाही. पण वाट मोडली की ती माहीत असणारी माणसेही संपतात.

जंगलाच्या हद्दीबाहेर मात्र वेगळेच घडते. तिथे पायवाट झुडपे नव्हे, नांगर खातो. गावनकाशात पायमार्ग तुटक एकेरी रेषेने आणि गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. अडवलेला रस्ता १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदार मोकळा करून देऊ शकतात. तलाठ्यांनी नकाशा घेऊन एकदा शिवार चालावे, बांधावरची निम्मी भांडणे तिथेच कळतील.

एकट्याने जायचेच असेल, तर निघताना पोलीस पाटलाला सांगून निघावे. दरीत फोनला रेंज मिळेलच असे नाही. पाय मुरगळला तर शोधायला कुठे यायचे, हे गावात कुणाला तरी ठाऊक हवे. पाणी वरूनच भरून घ्यावे आणि दोन तास उजेड हातात ठेवून खाली पोचावे. पावसाळ्यात या वाटेचे नावही काढू नये. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात दरडी कोसळून पक्का घाटरस्तासुद्धा बंद पडला होता.

जंगलात बिबट्या आहे. मार्च २०२१ मध्ये इथे वाघही कॅमेऱ्यात आला. तो यवतमाळकडच्या टिपेश्वरहून सुमारे ३३० किलोमीटर एकटाच चालत आला होता. त्याला कुणाची परवानगी लागली नाही!

दुपार कलताना पाटणादेवीचे आवार आले. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, तो याच पाटण्यात. नारळ-फुलांच्या दुकानावर एक आजी बसल्या होत्या. वरून पायी आलो म्हटल्यावर त्यांनी आधी पाणी दिले. त्यांची आई वरच्या गावची. तिचे वऱ्हाड याच वाटेने पायी उतरले होते. आता मामाची माणसे चाळीसगावाला वळसा घालून गाडीने येतात, तीही लग्नकार्य असले तरच.