औषधाइतकेच घरचे बोलणे

"गोळ्या एकही दिवस चुकल्या नाहीत डॉक्टर, मग परत तसंच का व्हावं?" समोर बसलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक. शेजारी त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा मान खाली घालून बसला होता. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या आजाराचे, स्किझोफ्रेनियाचे, निदान झाले होते. कानात आवाज येणे, जेवणात कोणी काही कालवते असा संशय, रात्ररात्र जागरण. औषधांनी आराम पडला होता. आता पुन्हा सारे सुरू झाले होते.

मी गोळ्यांची पाकिटे तपासली. खरोखरच चुकल्या नव्हत्या. मग प्रथमच विचारले, "गुरुजी, घरात दिवस कसा जातो, ते सकाळपासून सांगा."

सकाळी सातला गुरुजींची हाक, "ऊठ, लोकांची मुलं कामाला लागली!" दुपारी, "किती दिवस बसून खाणार?" संध्याकाळी शेजारच्या मुलाच्या नोकरीचा विषय. आईचे दुसरे टोक. ती त्याला एकट्याला अंगणातही जाऊ देत नसे, रात्री उशाशी जागत बसे, त्याच्यासमोर रडे. दोघांचाही जीव मुलासाठीच तुटत होता. चूक माझीही होती. पहिल्या भेटीत मी चिठ्ठी लिहिली, गोळ्या समजावल्या. या दोघांशी मात्र धड पाच मिनिटे बोललो नव्हतो.

वाचकहो, घरच्यांच्या वागण्याने हा आजार होतो असे मुळीच नाही. तो मेंदूच्या कामकाजातील बिघाडाचा आजार आहे आणि औषधाला पर्याय नाही. पण बरा होत असलेला माणूस घरात काय ऐकतो, यावर आजार उलटणे बरेच अवलंबून असते.

याचा छडा लंडनमध्ये लागला. जॉर्ज ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये एक विचित्र गोष्ट नोंदवली. मनोरुग्णालयातून सुटून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे गेलेले पुरुष, खोली घेऊन राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. पुढे १९७६ मध्ये क्रिस्टीन वॉन व ज्युलियन लेफ यांनी रुग्णांचा एकत्रित हिशोब मांडला. ज्या घरांत सतत टीका, तिरस्कार किंवा अति काळजी होती, तेथील सुमारे निम्म्या रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. शांत घरांत हे प्रमाण साधारण आठात एक होते. चंदीगडला झालेल्या अभ्यासात अशी घरे लंडनपेक्षा कमी आढळली; पण कमी म्हणजे नाहीतच असे नव्हे.

मग घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, आळस आणि आजार यांतला फरक ओळखावा. अंथरुणात पडून राहणे, आंघोळीचा कंटाळा, कशातच गोडी नसणे ही या आजाराची लक्षणेच आहेत. ताप आलेल्याला आपण 'तापू नकोस' म्हणत नाही.

दुसरी, आवाजांविषयी वाद घालू नये आणि खोटी मानही डोलवू नये. "मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटतेय हे कळतंय," एवढे म्हणावे. सहानुभूती म्हणजे दया नव्हे. समोरच्याची भीती खरी आहे, हे मानणे.

तिसरी, झेपेल असे एखादे काम द्यावे. दूध आणणे, झाडांना पाणी घालणे. झाले तर दाद द्यावी, राहिले तर बोल लावू नये.

चौथी, सांभाळणाऱ्यानेही विसावा घ्यावा. पाळी बदलावी, रोज तासभर बाहेर पडावे. थकलेल्या माणसाच्या तोंडून गोड शब्द कसे निघणार?

आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत. झोप उडाली, संशय वाढला, माणूस एकलकोंडा झाला, तर लगेच डॉक्टरांना गाठावे. मरणाची भाषा आली तर 'नाटक' समजू नये. रुग्णाला एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य सल्ला मिळतो.

त्या दिवशी गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शाळेत कच्च्या पोरांना मी कधी रागावलो नाही. घरात मात्र..." वाक्य पुरे झाले नाही. औषधाची मात्रा मी थोडी बदलली आणि पुढचे चार महिने दर पंधरवड्याला तिघांनाही बोलावले.

मुलगा पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. आवाज अधूनमधून येतात, गोळ्या चालू आहेत. पण वर्षभरात आजार उलटला नाही. सकाळी तो वडिलांबरोबर डेअरीवर दूध आणायला जातो. गेल्या खेपेला गुरुजी म्हणाले, "आता मी त्याला ओरडून उठवत नाही. चहा टाकतो आणि एकदाच हाक मारतो. कधी येतो, कधी नाही येत. नाही आला तर झाकून ठेवतो."