चित्राचा चौरस फुटाचा भाव

वर्तकनगरसारख्या म्हाडाच्या वसाहतीत घराचं माप चौरस फुटांतच सांगतात. तेच माप एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या चित्रांना लावून पाहा.

2015च्या पंतप्रधान आवास योजनेत अल्प उत्पन्न गटाच्या घराची मर्यादा 60 चौरस मीटर होती. 1808च्या ‘सलोन’मध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, चित्रकार दाविदने मांडलेला नेपोलियनचा राज्याभिषेक होता 9.79 बाय 6.21 मीटर. म्हणजे 654 चौरस फूट! अख्खं घर झाकून कापड वर उरेल. 1819मध्ये जेरिकोने रंगवलेला वाळूत रुतलेल्या जहाजावरच्या लोकांचा तराफा 378 चौरस फुटांचा. अत्यल्प गटाचं 323 फुटी घर त्याच्यापुढे लहानच.

सलोनमध्ये आकारावर मान ठरे. राजे, देव आणि लढायांना भिंतभर कॅनव्हास, गरिबांना छोटी चौकट. कुर्बेने एका खेड्यातल्या साध्या दफनविधीला सव्वादोनशे चौरस फूट देऊन टाकले, तेव्हा समीक्षक खवळले ते त्यामुळेच.

1863मध्ये सलोनच्या परीक्षकांपुढे पाच हजारांवर कलाकृती आल्या आणि निम्म्याहून अधिक नापास झाल्या. ओरड एवढी झाली, की खुद्द सम्राट तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. तिथे रोज हजारावर माणसं जात, त्यांतली बरीचशी हसायला.

1874मध्ये तीसेक चित्रकारांनी सलोनचा नादच सोडला आणि स्वतःचं प्रदर्शन मांडलं. तिकीट एक फ्रँक, महिनाभरात प्रेक्षक साडेतीन हजार. सलोनला मात्र लाखोंची गर्दी. चित्रकारांच्या त्या प्रदर्शनातलं मोनेचं ‘इम्प्रेशन, सनराइज’ अवघं सव्वातीन चौरस फूट. दाविदच्या कापडातून तशी दोनशे निघाली असती. तरी पुढचं युग या छोट्या चित्रांचंच ठरलं.

हेच माप आता भारतातल्या चित्रांना लावू. मुंबईत 1888मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. पॅरिसमध्ये शिकलेल्या अमृता शेरगिलला 1937मध्ये या सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी तिने रंगवलेलं ‘द स्टोरी टेलर’ 2023मध्ये 61.8 कोटींना, म्हणजे भारतीय चित्रासाठी तेव्हाच्या विक्रमी किमतीला, विकलं गेलं. आकार पाच चौरस फुटांच्या आत. म्हणजे फुटाला 12 कोटींहून जास्त! तो विक्रम 2025मध्ये मोडला हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रे’ने, सुमारे 118 कोटींना. पण ते चित्र जवळपास 14 फूट लांब. फुटाच्या भावात ते शेरगिलच्या एक तृतीयांशापर्यंतही पोचत नाही.