सामुदायिक चरित्र आणि पाठभेद

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरीच्या साथीने मराठी व हिंदी भजने गात. चिमूरचा परिसर त्यांच्या कार्याची भूमी होय. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटकही झाली. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. पोंभुर्ण्यासारख्या गावच्या भजनकऱ्यांनी आपल्या आठवणी एकत्र करून त्यांचे चरित्र सिद्ध करावयाचे ठरविल्यास प्रथम प्रश्न उद्भवेल तो पद्धतीचा : एकच प्रसंग दोघांनी दोन परींनी सांगितला, तर कोणता स्वीकारावा?

या प्रश्नाचा विचार मराठीत तेराव्या शतकातच झालेला आढळतो. श्रीचक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटाने ठिकठिकाणच्या अनुयायांकडून लीळा मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ पोथी पुढे नष्ट झाली व हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. या पुनर्रचनेतील पाठभेद लपविले गेले नाहीत. ते सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदले गेले. म्हणूनच आजचा अभ्यासक त्यांची तुलना करू शकतो.

हाच दंडक आजही पाळावा. आठवणींचे एकजिनसी प्रमाण मराठीत रूपांतर केल्यास दोन गोष्टी नष्ट होतील. विसंगतीबरोबर साक्षीदार लोपेल. आणि ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या झाडीबोलीचा उच्चार, म्हणजेच गाणे ऐकणाऱ्याचा कान, हरवेल. तेव्हा प्रत्येक आठवण सांगणाऱ्याच्या बोलीत, त्याच्या नावागावासह टिपावी. निवाडा मागाहून करता येतो, नष्ट झालेली साक्ष मात्र परत मिळत नाही.