‘१० टनी’ क्रेन १० टन कधी उचलते?
पारनेर तालुक्यातील सुपे एमआयडीसीत अवजड यंत्र उतरवायचे असो की गावात विजेचा खांब उभारायचा, ट्रकवरची क्रेन कामी येते. ट्रकच्या इंजिनावर चालणारा पंप सिलिंडरमध्ये दाबाने तेल ढकलतो आणि बूम वर उठतो. मात्र पूर्ण क्षमता बूम जवळ असतानाच मिळते. २ मीटरवरचे ५ टन आणि ५ मीटरवरचे २ टन वजन क्रेनवर साधारण सारखाच ताण देते. त्यामुळे आधी लोड चार्ट पाहावा. बाजूचे आधारपाय पूर्ण बाहेर काढावेत. भुसभुशीत जमिनीवर त्यांच्याखाली जाड फळ्या टाकाव्यात. वर वीजतार असल्यास पुरवठा बंद केल्याशिवाय काम सुरू करू नये. टांगलेल्या मालाखाली कुणीही थांबू नये.