गंडभेरुंड : राजमुद्रेतील पक्षी आणि घरातील पक्षी

कर्नाटक शासनाचा कागद ज्याच्या हाती कधी पडला असेल, त्याला दोन डोक्यांचा तो पांढरा पक्षी परिचित असतो. तांबड्या ढालीवर पंख पसरलेला गंडभेरुंड, दोन्ही बाजूंस गजमुख सिंह आणि वर अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष, अशी ही राजमुद्रा आहे.

हा पक्षी म्हैसूरचा, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. एका अर्थी ते खरेच आहे. धारवाड जिल्हा १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होता. कन्नड प्रदेशाच्या एकीकरणाला बळ देणारा कर्नाटक विद्यावर्धक संघ १८९० मध्ये धारवाडातच स्थापन झाला. पण नव्या राज्याला नाव मिळाले म्हैसूरचे, आणि चिन्ह मिळाले तेही वडियार राजघराण्याचे. पुढे १९७३ मध्ये नाव बदलले, पक्षी मात्र राहिला.

परंतु वडियारांनी तो निर्माण केला नव्हता. शिकारीपूर तालुक्यातील बळ्ळिगावे येथे १०४७ मध्ये चामुंडरायाने भेरुंडाचा उंच स्तंभ उभारला. तेथील मूर्तीचे शरीर मनुष्याचे असून मस्तके दोन पक्ष्यांची आहेत. विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या नाण्यांवर हाच पक्षी चोचींत आणि नखांत हत्ती धरून उडताना दिसतो. केळदीच्या रामेश्वर मंदिरात तो छतावर कोरलेला आहे. म्हणजे मलनाडापासून तुंगभद्रेपर्यंत त्याचा वावर होता. म्हैसूर हा त्याचा शेवटचा मुक्काम.

गरुड आणि गंडभेरुंड यांची येथे गल्लत होऊ देता कामा नये. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांवर आणि देवगिरीच्या यादवांच्या ध्वजावर गरुड होता. पंढरीचा वारकरी गरुडखांबाला आलिंगन देतो. पण तो गरुड विष्णूचे वाहन, हात जोडून उभा राहणारा भक्त. गंडभेरुंड कोणाचे वाहन नाही. वैष्णव कथेत नृसिंहाला आवरण्यासाठी शिवाने शरभरूप घेतले, तेव्हा त्या शरभाशी झुंजण्यास विष्णू याच रूपाने प्रकटला. राजमुद्रेतील गजमुख सिंहांनाही पुष्कळ जण शरभ म्हणतात. तसे मानले, तर कथेतील वैरी शासकीय कागदावर एकमेकांशेजारी शांतपणे नांदत आहेत, ही मौज लक्षात घेण्यासारखी आहे.

या उग्र पक्ष्याला राजांनी जवळ केले. घरातील कलेने मात्र वेगळी निवड केली. धारवाडचा कसुती कशिदा पाहावा. इरकली लुगड्यावर नक्षी आधी न आखता, कापडाचे धागे मोजून गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे टाके घालतात. गवंतीची उत्तम कारागिरी सुलट-उलट सारखीच दिसते, गाठ दिसत नाही. त्यात गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती असतात; पक्ष्यांमध्ये नेहमी भेटतात ते मोर, हंस आणि पोपट. हत्ती येथेही आहे, पण तो अंबारी घेऊन चालतो, कोणाच्या चोचीत लोंबकळत नाही. लेकीच्या लग्नाच्या लुगड्यावर झडप घालणारा पक्षी कोण काढील?

भारताने १९६३ मध्ये मोराला राष्ट्रीय पक्षी ठरविले. अमेरिकेने १७८२ मध्ये आणि इंडोनेशियाने १९५० मध्ये गरुडकुळीचा पक्षी मुद्रेवर घेतला होता. दिल्लीने निवडलेला पक्षी आपल्या आज्या त्याआधीच पदरावर काढीत होत्या.