जुन्या इमारतींचा राडारोडा आणि त्याचा पुनर्वापर

जालना शहर आज पोलाद उद्योगाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. मोडीत निघालेले लोखंड येथील कारखान्यांत येते, विजेच्या इंडक्शन भट्ट्यांत वितळविले जाते आणि बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडते. जुन्या इमारतीतील लोखंड नव्या इमारतीत कसे जाते, याचा वस्तुपाठ या जिल्ह्यासमोर नित्य आहे. त्याच इमारतीतील दगड, विटा व काँक्रीट यांना मात्र अशी वाट नाही. मोडीला भाव असतो, राडाऱोड्याला नसतो. त्यामुळे तो ओढ्यात, पडक्या विहिरीत किंवा रस्त्याच्या कडेला टाकला जातो. वारंवार टंचाई सोसणाऱ्या जिल्ह्याला ओढे-नाले बुजविणे परवडणारे नाही.

प्रश्नाचे स्वरूप

शाळेच्या एका धोकादायक खोलीचे उदाहरण घेऊ. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व बारा सेंटिमीटर जाडीच्या छतात ३.६ घनमीटर काँक्रीट असते. घनमीटरला सुमारे २,४०० किलो या हिशेबाने केवळ छताचेच वजन साडेआठ टनांहून अधिक भरते. भिंती, पाया व फरशी यांचा भार निराळाच.

दुसरी बाजू हवामानाची आहे. सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते. शुद्ध चुनखडी पूर्णपणे भाजली असता दर १०० किलोमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. इंधनाचा धूर त्याखेरीज. काँक्रीट फोडून खडी मिळते, परंतु सिमेंट परत मिळत नाही. म्हणून सर्वांत मोठी बचत इमारत न पाडण्यात आहे. तज्ज्ञ अभियंत्याने तपासणी करून दुरुस्ती शक्य असल्याचे सांगितले, तर निर्लेखनाचा प्रस्ताव घाईने करू नये. इमारत खरोखरच धोकादायक असेल, तर मुलांच्या जिवापुढे कोणतीही बचत मोठी नाही.

पूर्वापार चालत आलेली रीत

मराठवाड्यातील माळवदाची घरे उतरविताना सागवानी तुळया, चौकटी व घडीव दगड जपून काढून पुन्हा वापरण्याची रीत जुनी आहे. मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने एक धडा दिला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड छत यांमुळे मोठी प्राणहानी झाली. दगड जुना वापरावा, परंतु बांधणी भूकंपरोधक असावी.

नियम व मानके

केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनी राडारोडा वेगळा करण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. २०२५ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम अधिसूचित झाले; त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. भारतीय मानक ३८३ (२०१६) नुसार जुन्या काँक्रीटपासून केलेली जाड खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्के आणि पायाखालच्या कोब्यासारख्या हलक्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये १०० टक्क्यांपर्यंत वापरता येते. दिल्लीत बुराडी येथे २००९ पासून असा राडारोडा प्रक्रिया करून वापरात आणला जात आहे.

ग्रामपंचायतींनी काय करावे?

गावपातळीवर मोठ्या यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. पाडकामाच्या निविदेतच पुढील अटी घालाव्यात :

(१) दारे, खिडक्या, लाकूड, पत्रे व फरशी प्रथम हाताने उतरवून त्यांची नोंद करावी.

(२) लोखंड, काँक्रीट, विटा-दगड व माती यांचे वेगवेगळे ढीग करावेत. मिसळलेल्या ढिगाला किंमत राहत नाही.

(३) अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे फोडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. ते ओले करून अखंड उतरवावेत व वेगळे ठेवावेत.

(४) विटांचे तुकडे व फोडलेले काँक्रीट जोत्याच्या भरावासाठी किंवा अंतर्गत रस्त्याच्या थरासाठी अभियंत्याच्या सल्ल्याने वापरावे.

(५) उरलेला राडारोडा टाकण्याची जागा आधी निश्चित करावी. ती ओढा, नाला वा विहीर नसावी.

शिक्षकांनीही शाळेची खोली उतरविली जात असताना सुरक्षित अंतरावरून विद्यार्थ्यांना हे ढीग दाखवावेत व त्यांची वजने मांडून पाहावीत. लोखंडाला जी वाट जालन्याने दाखविली, तीच दगड-विटांना लाभण्यासाठी पाडण्यापूर्वीचे दोन दिवसांचे नियोजन पुष्कळ उपयोगी पडेल.