‘खनिज’ चव: जमिनीची की आम्लाची?

शाब्ली आणि साँसेर, फ्रान्सच्या दोन कोरड्या पांढऱ्या वाइन. शाब्ली शार्दोने द्राक्षाची: हिरव्या सफरचंदासारखी, आणि मॅलिक आम्लाचं लॅक्टिक झालं की जरा मऊ. साँसेर सोव्हिन्यों ब्लाँची. तिच्या हिरवट, ढोबळी मिरचीसारख्या वासामागे मेथॉक्सीपायराझीन असतात. दोन्हींत ‘खनिज’ चव सापडते म्हणतात, श्रेय चुनखडीला. पण दोन्ही भाग थंड, दोन्ही वाइन आंबट! मग चुनखडीच कशी धरणार?

त्यापेक्षा द्राक्ष तेच ठेवा. साँसेरमध्ये गारगोटीची जमीनही आहे. एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या दोन्हीकडच्या वाइन घ्या. तीन ग्लास, दोन सारखे. वेगळा ओळखायला सांगा. 24 जणांत सरासरी 8 तर नुसत्या अंदाजानेच बरोबर येतात. 5 टक्के पातळीला किमान 13 हवेत. तापमानही सारखं ठेवा, नाहीतर लोक थंडावाच ओळखतील.